वरून तांबं, आतून जस्त

आमच्याकडे गोंदियाच्या बाजूला तांब्याचा पैसा अजूनही लागतो. बाजारात नाही हो, बाजारात तर पन्नास पैशांचं नाणंही कोणी हातात घेत नाही, कायद्याने ते चालत असलं तरी. पण कलशात सुपारीबरोबर टाकायला, नव्या घराच्या पायव्यात ठेवायला, वैनगंगेत सोडायला पैसा तांब्याचाच हवा असतो. नागपूरहून येणारी गाडी तुमसर रोड सोडून तिरोड्याकडे निघाली आणि पूल आला, की डब्यातल्या म्हातार्‍या बाया अजून पिशवी चाचपतात. हाती लागतो तो स्टीलचा रुपया. तोच हात जोडून खाली सोडतात आणि पुटपुटतात की तांब्याचा असता तर बरं झालं असतं.

तो मिळणार कुठून? १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हा एक नया पैसा ब्राँझचा होता, जेमतेम दीड ग्रॅमचा, लालसर. १९६२ मध्ये त्याची धातू बदलून निकेल-पितळ झाली आणि १९६५ पासून अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे रोजच्या वापरातला लाल पैसा टांकसाळीतून निघायचा बंद झाला त्याला साठ वर्षं उलटून गेली. ज्यांच्या घरी आजीच्या डब्यात राणीछाप, पंचम जॉर्जचा पाव आणा किंवा ढब्बू पैसा उरलाय, त्यांचं भागतं. बाकीच्यांची पंचाईत.

अशा वेळी नव्वदीच्या दशकात आमच्या बर्‍याच घरांत एक नवा लाल पैसा आला. अमेरिकेचा सेंट. पोरं तिकडे गेली आणि सुटीत परत येताना खिशात उरलेली चिल्लर घेऊन आली. डाइम, क्वार्टर लहान पोरांनी वाटून घेतले. सेंट मात्र बायकांनी ठेवून घेतले, कारण तो लाल होता. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या देवघरात हा पैसा आजही असेल, म्हणूनच हे लिहितोय. तो तांब्याचा नाही.

आमगावला आमच्या मोठ्या आईने असाच एक सेंट घटस्थापनेच्या कलशात टाकायला सुरुवात केली होती. दादाने न्यू जर्सीहून आणलेला, त्यावर १९९४ साल. नऊ दिवस तो पाण्यात, तांब्याच्या कलशाच्या तळाशी, हळकुंड आणि सुपारीच्या शेजारी असायचा. दसर्‍याला काढून, पुसून परत डबीत. पहिली काही वर्षं काही झालं नाही. मग कडेला एक बारीक पांढरा ठिपका आला. २००२ च्या नवरात्रानंतर काढला तेव्हा लिंकनच्या गालावर दोन फोड आले होते आणि कडेचा एक तुकडा खाल्ल्यासारखा गेला होता. आतून राखेसारखं काहीतरी करडं-पांढरं निघत होतं.

तिने तो तळहातावर ठेवून मला विचारलं, "काहून गा, तांब्याले असे फोड येतेत का? पोरगा बरा हाय ना तिकडं?"

त्या वर्षी दादाची नोकरी गेलेली होती. २००१ च्या मंदीत कॉम्प्युटरवाल्या कितीतरी पोरांची गेली, त्यातला तो एक. व्हिसाची मुदत, भाड्याचं घर, सगळंच टांगणीला लागलेलं. आणि घरात मोठ्या आईला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे तिच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर रसायनशास्त्राचं होतं आणि दुसरं अर्धं देण्याची त्या खोलीत कोणाची छाती नव्हती. मी पहिलंच दिलं. ते इथे जरा सविस्तर देतो.

१९६२ ते १९८२ या काळातला अमेरिकन सेंट म्हणजे ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त, दोन्ही एकत्र वितळवून केलेली एकजीव धातू. वजन ३.११ ग्रॅम. तांब्याचे भाव चढत गेले, तसं सेंटमधलं तांबंच सेंटपेक्षा महाग होण्याची वेळ आली. आधी त्यांनी अ‍ॅल्युमिनियम करून पाहिलं. १९७४ सालाचे दहा लाखांहून जास्त अ‍ॅल्युमिनियमचे सेंट पाडलेसुद्धा, पण चलनात आणले नाहीत. नाण्यांवर चालणारी यंत्रं बनवणार्‍यांनी विरोध केला. लहान मुलांच्या क्ष-किरण तज्ज्ञांचीही हरकत होती. पोराने नाणं गिळलं तर अ‍ॅल्युमिनियम फोटोत नीट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १९८२ मध्ये तोडगा निघाला तो जस्ताचा. आतली चकती जवळजवळ पूर्ण जस्ताची आणि वरून शुद्ध तांब्याचा मुलामा. एकूण हिशोब ९७.५ टक्के जस्त आणि २.५ टक्के तांबं. वजन २.५ ग्रॅम. रंग, आकार, लिंकन, सगळं तेच. त्या एका वर्षात जुने आणि नवे दोन्ही प्रकार निघाले. १९८२ चा सेंट हातात घेऊन नुसत्या डोळ्यांनी कोणता ते ओळखता येत नाही.

तांब्याचा हा पापुद्रा किती जाड, तर सात-आठ मायक्रॉन. डोक्यावरच्या केसाच्या साधारण दहावा हिस्सा. तो अखंड आहे तोवर नाणं ठीक असतं. किल्ल्यांबरोबर खिशात घासून एक ओरखडा पडला, किंवा टांकसाळीतच मुलामा कुठे कच्चा राहिला, की आतलं जस्त उघडं पडतं आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

दोन वेगळ्या धातू एकमेकींना चिकटलेल्या आणि भोवती थोडा ओलावा, एवढ्यावर विजेचा घट तयार होतो. शाळेत जस्ताची आणि तांब्याची पट्टी घेऊन डॅनियलचा घट केला होता आठवतंय? १८३६ सालचा तो शोध, सुमारे १.१ व्होल्ट देणारा. त्यात जस्ताची पट्टी झिजत जाते आणि तांब्याची शाबूत राहते. सेंटमध्ये अगदी तेच होतं, फक्त दिवा लागत नाही. जस्त स्वतःला विरघळवत जातं आणि तांबं नुसतं बघत राहतं. त्यात उघडं पडलेलं जस्त टाचणीच्या टोकाएवढं आणि भोवतीचं तांबं अख्ख्या नाण्याएवढं. तांबं जितकं मोठं, तितकी त्या छोट्या ठिपक्यावरची खाई जास्त. विरघळलेल्या जस्ताचं हवापाण्याशी जे पांढरं भुकटं होतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं आणि आतून मुलाम्याला वर ढकलतं. तोच फोड. फोड फुटला की आणखी जस्त उघडं.

मोठ्या आईने तर तो तांब्याच्या कलशात ठेवलेला. म्हणजे उघडं पडलेलं जस्त एका नाण्याच्या नाही, अख्ख्या कलशाच्या तांब्याला तोंड देत होतं, तेही विहिरीच्या खारट पाण्यात नऊ नऊ दिवस. तो सेंट इतकी वर्षं टिकला हेच आश्चर्य.

इथे एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. आमच्या भागात अर्ध्या घरांवर जस्ती पत्रा आहे. तिथेही मुलामाच आहे, फक्त क्रम उलटा. आत लोखंड, वर जस्त. पत्र्याला खिळा मारा, ओरखडा पाडा, तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण शेजारचं जस्त स्वतः झिजून त्याला सांभाळतं. जस्ताचा स्वभावच तो, दुसर्‍यासाठी आधी जाण्याचा. त्याला बाहेर ठेवलं तर ते घर राखतं. आत ठेवून वर तांब्याची शाल पांघरली, की तेच जस्त पहिल्या छिद्रातून निघून जातं आणि मागे शाल उरते. अमेरिकेतल्या शाळांत मुलं सेंटची कड कानशीने घासून आम्लात टाकतात. सगळं जस्त विरघळून जातं आणि तांब्याचं पोकळ टरफल पाण्यावर येतं.

आणि पोटातही आम्लच असतं. जस्ताचे सेंट गिळलेल्या मुलांच्या पोटातून खड्डे पडलेली, कडा खाल्लेली नाणी काढावी लागल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. कुत्र्यांच्या बाबतीत तर ही तिकडच्या पशुवैद्यांची ओळखीची डोकेदुखी आहे. १९८२ नंतरचा सेंट पोटात राहिला तर जस्ताच्या विषबाधेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. क्ष-किरणात दिसणार नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियम नाकारलं आणि आलं ते पोटात विरघळणारं जस्त! असो.

आता थोडं मागे जाऊ. १९४३ मध्ये लढाईपायी दोन्ही देशांना तांबं पुरेना. काडतुसांना पितळ लागतं आणि पितळाला तांबं. अमेरिकेने त्या एका वर्षी सेंट पोलादाचा केला आणि वरून जस्ताचा पातळ थर दिला. आपल्या जस्ती पत्र्यासारखाच. पण कोरी पट्टी आधी जस्तात घालून मग चकत्या कापल्यामुळे कडा उघड्या राहिल्या. नाणं काळवंडलं, कडेने गंजलं, लोकांना ते दहा सेंटच्या नाण्यासारखं वाटून घोळ झाले. जर्मनीने आपल्या ताब्यातल्या मुलखासकट सरळ जस्ताची नाणी पाडली. ती करडी पडली आणि त्यांना पांढरी बुरशी आल्यासारखी झाली.

आणि आपल्याकडे? आपल्या टांकसाळीने त्याच १९४३ मध्ये पैशाला मधोमध मोठं भोक पाडलं. धातू तीच ब्राँझ, फक्त कमी. आधीच्या पाव आण्याचं वजन पाच ग्रॅमच्या जरा आत होतं, भोकाचा पैसा दोन ग्रॅमचा. आमच्या आजीच्या वेळी तो पोरांच्या करदोट्यात ओवत. मला ही युक्ती फार प्रामाणिक वाटते. धातू परवडत नाही ना, मग जी नाही ती नाहीच. भोकातून पलीकडचं दिसतं, कोणाची फसवणूक नाही. ते पैसे आज हिरवट-काळे झालेत, पण भोक सोडून बाकी सगळे जागेवर आहेत. जॉर्जचा मुकुटसुद्धा वाचता येतो.

तांब्यालाही हवा बाधतेच. आधी ते तपकिरी होतं, मग ओल मिळाली की हिरवं. पण हा हिरवा राप बहुतेक वेळा खालच्या धातूला झाकून ठेवतो आणि पुढची झीज मंदावते. (म्हणून जुना पैसा चिंच लावून लख्ख घासू नका. पितांबरीही नको. दर वेळी थोडा पैसा आणि थोडा राजा निघून जातो.)

यावर आमचा एक मावसभाऊ म्हणाला, म्हणजे जस्तच वाईट. तसं नाही. पंचम जॉर्जच्या पाव आण्यात तांब्याबरोबर कथील आहे आणि थोडं जस्तही आहे. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. लढाईतला निकेल-पितळी आणा, त्यातही जस्त. ही सगळी नाणी आमच्या पावसाळ्यात, मातीच्या भिंतींत, धानाच्या कोठ्यांखाली पुरून राहिली आणि निघाली तेव्हा नाणीच होती. वाशीम जिल्ह्यातल्या तर्‍हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेव्हा गाव अकोला जिल्ह्यात होतं. वा. वि. मिराशींनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. हजाराहून जास्त नाणी, तीही पोटीनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांचा हलका काला. सोनं नाही, चांदी नाही. दीड हजाराहून अधिक वर्षं जमिनीत राहूनही त्यांवरून राजांची नावं लावता आली. स्वस्त धातू मिसळली म्हणून नाणं मरत नाही. एकजीव केली तर हलकी धातूही निभावून नेते. वेगवेगळी ठेवून वर नुसता देखावा केला की घट तयार होतो.

आपल्याकडे मुलाम्याची नाणी नव्हती असं मात्र समजू नका. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी आहत नाणी सापडतात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणारा रूपदर्शक नावाचा अधिकारीच आहे. पारखणारा नेमावा लागला, म्हणजे ठकवणारे होतेच. फरक इतकाच की तेव्हा मुलामा पकडायला अधिकारी होता, १९८२ मध्ये मुलामा खुद्द टांकसाळीने दिला. तोही उघडपणे, कायद्याने, हे कबूल करायला हवं. मोठ्या आईला ते कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

स्वतंत्र भारताने स्वस्त नाण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम निवडलं. १९६४ ला तीन पैसे आले, मग एक, दोन, पाच, दहा आणि १९८२ मध्ये वीस पैसे. लोक हसायचे, फुंकलं की उडतं म्हणायचे. पण अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप एक पातळ कवच चढतं आणि ते ओरखडा पडला तरी लगेच भरून येतं. पाण्यात ते बरंच टिकतं. त्याचा वैरी वेगळा. आमच्या पानठेल्यांवरची पाच-दहा पैशांची नाणी आठवा. देवीच्या व्रणांसारखी खड्डे पडलेली असायची. चुना! ओल्या चुन्याच्या हातांनी घेतलेली-दिलेली नाणी. चुन्यापुढे अ‍ॅल्युमिनियमचं कवच टिकत नाही. गोंदियात पान खाणारे काही कमी नाहीत, त्यामुळे आमच्याकडची चिल्लर सरकारच्या अंदाजापेक्षा लवकर म्हातारी होत असावी असा माझा आपला एक तर्क.

१९८८ पासून स्टील आलं आणि ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालचं सगळं चलनातून गेलं. त्याच वर्षीच्या नाणे कायद्यात नाणी वितळवायला सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तो धाक उगाच नाही. पाच रुपयांचं जाड तांबं-निकेलचं नाणं सीमेपलीकडे नेऊन त्याची दाढीची पाती करतात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास वर्तमानपत्रांत भरभरून येत होत्या. नाण्याच्या पोटातली धातू त्याच्या चेहर्‍यापेक्षा महाग झाली की हे होणारच.

आणखी एक योगायोग सांगायचा राहिला. ज्या १९८२ मध्ये अमेरिकेने सेंटमधून तांबं काढलं, त्याच वर्षी आमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची खाण सुरू झाली. उघड्या खाणीतून तांबं काढणारी देशातली सर्वांत मोठी. शंभर किलो खडकामागे किलो-सव्वा किलो तांबं. ते आमच्या डोळ्यांदेखत निघून राजस्थानात खेतडीला जायचं. गोंदियाहून बालाघाटला छोट्या लाइनीने जाणार्‍यांत तेव्हा तिकडच्या नोकरीवर निघालेली माणसं असायची. पण त्या तांब्याच्या तारा झाल्या, मोटारींची वेटोळी झाली. तांबं एवढं जवळ निघत असूनही कलशात टाकायला पैसा नाही, म्हणून आम्ही तो न्यू जर्सीहून आणायचो, आणि तो निघाला जस्ताचा.

मोठ्या आईला मी यातलं जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पत्र्याचं उदाहरण देऊन. तिला ते लगेच कळलं. ती म्हणाली, "मंग वरून तांबं अन् आतून जस्त, त्याले तांब्याचा कायले म्हणतेत?" थोड्या वेळाने तिने दादाला फोन लावायला सांगितलं. तिकडे सकाळ असणार. फोनवर तिने नाण्याचं काही काढलं नाही. सरळ विचारलं, "नोकरी आहे का तुझी?" तिला आधीपासून शंका होती की फोडांनी ती आली, हे मी कधी विचारलं नाही. दादाने खरं सांगितलं. पुढच्या वर्षी त्याला दुसरी नोकरी लागली, पण त्या रात्री ते दोघं अर्धा तास बोलले आणि आयएसडीचं बिल आम्हा सगळ्यांना पुढे बरेच दिवस ऐकावं लागलं.

तो सेंट तिने नदीत सोडला नाही. "सडका पैसा गंगेत कसा टाकू?" म्हणून तो कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. मागच्या दिवाळीत पाहिला. लिंकन गेला आहे. कागदाला पांढरी भुकटी आणि त्यात तांब्याचे दोन-तीन पापुद्रे.

अमेरिकेने १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले. त्याआधी एक सेंट करायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता. कॅनडाने आपला २०१२ मध्येच थांबवला. तिकडच्या लोकांच्या बरण्यांत मात्र अजून भरपूर पडून असतील.

तेव्हा एक विनंती, डिसेंबरात येणार्‍या मंडळींना. मोठ्या आईच्या जॉर्जच्या पाव आण्याला आता नातसुनांत वाटेकरी झालेत, तीन घरांत तीन कलश बसतात. येताना चार-पाच सेंट आणा, पण १९८१ चे किंवा त्याआधीचे. साल लिंकनच्या उजव्या बाजूला असतं. १९४३ चा करडा सापडला तर तोही आणा, कलशासाठी नाही, माझ्यासाठी. १९८२ चे असतील तर आमगावच्या सोनाराकडे वजन करून बघू. तीन ग्रॅमच्या वर भरला तर देवघरात, अडीच भरला तर पोरांना प्रयोगाला. सेंट देशाबाहेर नेण्यावर तिकडे २००७ चा नियम आहे, पण त्यात प्रवाशाला पाच डॉलरपर्यंतची चिल्लर खिशातून न्यायला मुभा दिलेली आहे. पाचशे सेंट आम्हाला नकोतच. आणि येईपर्यंत किल्ल्यांच्या खिशात ठेवू नका.